एकेचाळीस मुलांचे आजोबा

छापखान्यातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. औषधांच्या कागदांपासून जाडजूड शब्दकोशांपर्यंत जे काही तिथं छापलं गेलं, त्याची प्रुफं त्यांच्या नजरेखालून गेली. त्यांच्या तावडीतून वेलांटी सुटायची नाही. मग छापखाना बंद पडला आणि ते घरी बसले. घरी बसले म्हणजे काय, तर बायकोच्या किराणा सामानाच्या यादीतल्या ऱ्हस्व-दीर्घाभोवती लाल गोल काढायला लागले. तीन दिवस तिनं ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी यादी त्यांच्या हातात ठेवून म्हणाली, "शुद्ध झाली ना? आता सामानही तुम्हीच आणा."

अशा वेळी त्यांची मेहुणी देवासारखी धावून आली. ती एका शाळेत मुख्याध्यापिका होती. पाचवीला भाषा शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या होत्या आणि बदली शिक्षक काही मिळत नव्हता.

"भावजी, चार महिने शिकवाल का?"

"मी? अगं, मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही."

"जा हो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेवढेच चार महिने मला हव्या तशा याद्या लिहिता येतील."

पहिला आठवडा त्यांनी विरामचिन्हांवर खर्ची घातला. फळ्यावर सुबक अक्षरात उदाहरणं लिहिली. अर्धविरामाची पाळी आली तेव्हा तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा बसल्या जागी झोपला. खरं सांगायचं तर सरांना त्याचा राग आला नाही, हेवाच वाटला.

शुक्रवारी त्यांनी निबंध लिहायला दिला, 'माझे आजोबा', आणि रविवारी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले. पाचव्या वहीला त्यांनी चहा मागितला. अकराव्या वहीला लाल पेन खाली ठेवलं. सगळीकडे आजोबा प्रेमळ होते, पहाटे उठून फिरायला जात होते, गोष्टी सांगत होते आणि मुलांना खूप खूप आवडत होते.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"वर्गात एकेचाळीस मुलं आहेत," ते म्हणाले, "आणि सगळ्यांत मिळून आजोबा एकच आहे."

सोमवारी त्यांनी एक निबंध नाव न सांगता वाचून दाखवला. "सांगा, हे कुणाचे आजोबा?"

सतरा हात वर झाले. त्यातल्या एकाला उभं केल्यावर तो गडी पायांकडे बघत म्हणाला, "सर, माझे आजोबा मी व्हायच्या आधीच वारले."

"मग ते रोज पहाटे फिरायला कसे जातात?"

"गाइडमध्ये जातात, सर."

वर्ग हसला. सरही इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या हसण्यातच त्यांना पुढची वाट सापडली. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी टेबलाच्या खणात टाकलं आणि मुलांना सांगितलं, की आता एक खेळ. ओळखीच्या माणसावर पाचच ओळी लिहायच्या. नाव लिहायचं नाही. 'खूप', 'प्रेमळ', 'छान' यांना वर्गात बंदी. आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल आणि कानांनी ऐकलं असेल तेवढंच लिहायचं, आणि वर्गानं माणूस ओळखला तर लिहिणारा जिंकला.

पहिला बळी शाळेच्या शिपायाचा गेला. "हे घंटा देण्याआधी हवेतच दोनदा हात फिरवून बघतात," एकानं लिहिलं होतं. दुसरा बळी खुद्द मुख्याध्यापिकाबाईंचा. "या रागावतात तेव्हा चष्मा घालतात आणि हसायचं असलं की पाठ फिरवतात." सरांनी आपल्या मेहुणीला वीस वर्षं पाहिलं होतं, पण पाठ फिरवण्यामागचं कारण त्यांना त्या दिवशी कळलं.

वर्गात एक डावखुरी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे, कारण तिचा आवाजच तेवढा. मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सर, माझे आजोबा हल्ली विसरतात. ते लिहिलं तर चालेल?"

"तू पाहिलंयस ना?"

"रोज बघते."

"मग लिही की. फक्त 'विसरतात' असं लिहू नकोस. विसरतात म्हणजे काय करतात, ते लिही."

दुसऱ्या दिवशी तिनं वही आणली. "हे शर्टाचं गळ्याचं बटण आधी लावतात आणि मग खाली खाली येतात. यांच्या हातात घड्याळ आहे, पण वेळ दुसऱ्यांना विचारतात. वेळ सांगितली की टोपीला हात लावतात. उजव्या बुटाची नाडी सुटलेली असते. रस्त्यातले दिव्याचे खांब मोठ्यानं मोजत चालतात आणि बारा झाले की परत एकपासून सुरू करतात."

सरांनी त्या उताऱ्यात एक वेलांटी सुधारली आणि लाल पेनाला टोपण लावलं.

पण सगळंच काही असं गोडीगुलाबीनं चाललं नव्हतं. लोखंडी सामानाचं दुकान असलेले एक पालक तणतणत शाळेत आले. "पाच ओळी? परीक्षेत पंधरा मागतात, सर! आमच्या मुलाला गाइड तोंडपाठ होतं, ते तुम्ही विसरायला लावताय. आणि घरी येऊन हा माझ्याकडे टक लावून बघत बसतो!"

"भावजी, जरा बेतानं," मेहुणीनं नंतर हळूच सांगितलं. सरांचाही धीर खचला. आपण प्रुफं तपासणारा माणूस, उगाच मुलांचं नुकसान तर करत नाही ना, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी खणातलं व्याकरणाचं पुस्तक पुन्हा बाहेर काढलं.

त्या गुरुवारी दुपारी चिमणीची आई धापा टाकत शाळेत आली. ती कपडे धूत असताना आजोबा दार उघडून बाहेर पडले होते, त्याला अडीच तास झाले होते. नातीला न्यायला इकडे आले असतील या आशेवर ती आली होती. पोलीस चौकीत ती आधीच जाऊन आली होती.

"त्यांनी काय लिहून घेतलं?" सरांनी विचारलं.

"वय बहात्तर, उंची मध्यम, रंग सावळा, पांढरा शर्ट."

वय सोडलं तर त्या वर्णनात सर स्वतःही बसत होते. त्यांनी वर्गातून चिमणीला बोलावलं. "तुझी वही चौकीत दाखवू का?" तिनं मान हलवली आणि पाठोपाठ स्वतःही निघाली.

हवालदारानं आधी वहीवरचं फुलांचं कव्हर पाहिलं, मग कपाळाला आठ्या घालून आतलं पान वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी," चिमणी म्हणाली. एवढं मोठ्यानं बोलताना सरांनी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

हरवलेली माणसं बहुधा तिथंच सापडतात, म्हणून हवालदारानं बस स्थानकाला फोन लावला आणि सगळा उतारा सावकाश सांगितला. तिकडच्या माणसानं तो लिहून घेतला आणि भोंग्यावरून जसाच्या तसा वाचला. नाडी, टोपी, खांब, सगळं. बसची वाट बघणारी शंभरेक माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघायला लागली. दहा मिनिटांत फोन वाजला. चौकशीच्या खिडकीतल्या बाई बोलत होत्या. "इथं एक आजोबा आहेत. दुपारपासून मी त्यांना चार वेळा वेळ सांगितली. दर वेळी टोपीला हात लावून 'आभारी आहे' म्हणाले."

तिथं पोचल्यावर आईनं आजोबांचा हात जो धरला तो सोडलाच नाही. ती रडत होती आणि आजोबा तिची समजूत घालत होते, "अगं, बस येईल आता, एवढं काय?" चिमणी मात्र खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधत होती. सर जरा लांब उभे राहिले. आपल्या हाताखालून गेलेलं एखादं पान कुणी असं उभ्या उभ्या, जीव मुठीत धरून वाचलं असेल का, हे त्यांना आठवेना. परतताना ते बायकोसाठी बिस्किटं घ्यायला थांबले, आणि घरी जाऊन सगळी हकिकत त्यांनी तिला दोनदा सांगितली.

लोखंडवाले पालक पुढच्या आठवड्यात परत आले. "झालं ते चांगलंच झालं हो," ते म्हणाले, "पण परीक्षेचं काय?"

माणसाचं चुकत नव्हतं. सरांनी वर्गाला सांगितलं, "पंधरा ओळी हव्यात ना? मग त्याच माणसाकडे तीनदा बघायचं. सकाळी, दुपारी आणि तो चिडलेला असताना." परीक्षेत बहुतेकांना नेहमीएवढेच गुण पडले. दोघांना कमी पडले, कारण त्यांनी तपासनीसाला न पटणारं काहीतरी खरं लिहिलं होतं. लोखंडवाल्यांच्या मुलाला मात्र चार गुण जास्त मिळाले. वडिलांनी पेपर मागवून वाचला, पण त्यात काय होतं ते कुणाला सांगितलं नाही.

चार महिन्यांनी बाई रजेवरून परतल्या. मेहुणीनं सरांना शनिवारचा एक तास दिला. यायचं तर या, नाहीतर नका, असा. पहिल्या शनिवारी अकरा मुलं आली. पावसाळा संपेपर्यंत सव्वीस झाली, आणि बाईही अधूनमधून बाळाला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसायला लागल्या.

आता रविवारी सर वह्या घेऊन बसतात तेव्हा बायको भाजी निवडायचं ताट घेऊन समोर येते. परवा ते वाचता वाचता एकदम हसतच सुटले.

"एकट्यानं काय हसताय? मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं, "शेजारच्या काकू भांडायला येतात तेव्हा आधी आमच्या दारातल्या चपला नीट लावून ठेवतात, आणि मग सुरुवात करतात."

बायको ताट बाजूला ठेवून खळखळून हसली. हात पदराला पुसले, त्यांच्या पुढ्यातली वही ओढून घेतली आणि म्हणाली, "द्या इकडे. पुढचं मी वाचते."