मराठीचा पट

कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या शनिवारी मी अकरावी सायन्सच्या फॉर्मवर मराठीसमोरची खूण खोडली आणि संस्कृतसमोर केली. पालकाच्या जागी आईने सही केली. त्याच कॉलेजात आई मराठी शिकवत होती. पुढच्या जूनमध्ये तिची जागा गेली.

हे मुलुंडचं, ऐंशीच्या दशकातलं. दहावीचा निकाल लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये एकच शब्द फिरायचा: स्कोअरिंग. गणित स्कोअरिंग, संस्कृत स्कोअरिंग. मराठी नाही. मराठीत कितीही जीव ओतून लिहा, तपासणाऱ्याचा हात साठाच्या पुढे जात नाही, असं सगळे सांगत. संस्कृत पाठ केलं की नव्वद. मला मेडिकलला जायचं होतं. घरातली सगळी मराठी पुस्तकं मी दोनदोनदा वाचली होती, पण वाचन वेगळं आणि मार्क वेगळे, एवढं मला पंधराव्या वर्षी समजत होतं. तेवढंच समजत होतं.

बाबा भांडुपच्या कारखान्यात फिटर होते. मालवण सोडून वीस वर्षं झाली तरी घरात मालवणीच बोलत. फॉर्म बघून ते आईला म्हणाले, "मराठी घरात बोलतंव नाय? त्येका कॉलेजात कित्याक जाऊक व्हया?"

आई तांदूळ निवडत होती. हसली.

"आई, तू सांग ना. काय घेऊ?"

"फॉर्म तुझा आहे. तू ठरव."

"अगं, पण तुला काय वाटतं?"

"मी नाही सांगणार."

मला वाटलं, रुसली. मग तिने हात पदराला पुसले, सही केली आणि पुन्हा सुपाकडे वळली. तिची सही नेहमीसारखीच होती, सरळ, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी.

कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत माझ्यामागे शाळेतल्या दोघी होत्या. एकीने माझ्या फॉर्ममध्ये डोकावलं.

"ए, तू संस्कृत घेतेस? तुझी आई मराठी शिकवते ना इथे?"

"हो."

"वाट लागली! बाईंची मुलगीच पळतेय, मग आम्ही काय वेड्या आहोत?"

दोघींनी तिथल्या तिथे मराठी खोडलं. खोडायला पेन माझंच घेतलं. मी पण हसले.

सप्टेंबरअखेर पट मोजतात. मराठीची वेगळी तुकडी टिकवायला जेवढी मुलं लागत, त्यात दोन कमी भरली. म्हणजे मी गेले तरी चाललं असतं, त्या दोघी राहिल्या असत्या तर. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की आता तो करताना काही वाटत नाही. सायन्सची उरलेली मुलं वर्षाच्या शेवटी कॉमर्सच्या मराठीत घालायची ठरली. शिक्षकाची एक जागा कमी झाली आणि नोकरीत सगळ्यांत नवी आई होती.

तोवर वर्षभर माझा संस्कृतचा तास आणि तिचा मराठीचा तास शेजारच्या खोल्यांत एकाच वेळी असायचा. आम्ही रूपं घोकत असू आणि भिंतीपलीकडून हशा यायचा. आई घरी विनोद करत नसे. तिकडे ती काय सांगत होती आणि मुलं कशाला हसत होती, ते भिंतीतून कळायचं नाही. घरी आल्यावर मी कधी विचारलं नाही. मला विभक्त्या पाठ करायच्या असत.

जूनमध्ये पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की आपण अतिरिक्त ठरला आहात. आई त्या शब्दापाशी थांबली. "अति आणि रिक्त," ती म्हणाली. "जास्त पण आणि रिकामी पण. चांगला शब्द काढलाय."

तिला माहुलकडच्या एका शाळेत सामावून घेतलं. पाचवी आणि सहावी. कुर्ल्याला उतरून पुढे बस. संध्याकाळी तिच्या साड्यांना रिफायनरीचा वास यायचा. धुतल्यावरही तो जायचा नाही, म्हणून शाळेच्या साड्या तिने वेगळ्या काढून ठेवल्या. तक्रार केली नाही. तिने तक्रार केली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.

बारावीला संस्कृतात मला ब्याण्णव मिळाले. मार्कशीट घेऊन मेडिकलच्या फॉर्मसाठी गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "किती?" मी एकूण टक्के सांगितले.

"टोटल नको. ग्रुप सांग गं, ग्रुप. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो."

"संस्कृतात ब्याण्णव आहेत."

"मग? सत्यनारायण सांगायला जायचंय? लँग्वेज कोण बघतं इथे?"

मागचे हसले. ग्रुपचे मार्क पुरेसे नव्हते. संस्कृत घेतलं म्हणून ते कमी पडले नाहीत आणि मराठी घेतलं असतं तरी तेवढेच राहिले असते. भाषेचा रकाना कुणी पाहतच नव्हतं.

घरी आले तेव्हा आई सहावीच्या वह्या तपासत होती. चपला न काढता मी विचारलं, "भाषेचे मार्क धरत नाहीत, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू सही केलीस?"

"केली."

"सांगितलं का नाहीस?"

तिने पेनचं टोपण लावलं. "माझी नोकरी होती त्यात. मी म्हटलं असतं मराठी घे, काही बिघडत नाही, तर तू काय समजली असतीस? आई पोट भरायला सांगतेय. आणि मेडिकल हुकल्यावर ते आयुष्यभर माझ्या तोंडावर फेकलं असतंस."

फेकलं असतं. ते तिला बरोबर माहीत होतं. पण तिच्या या गप्प बसण्याला लोक मोठेपणा म्हणतात, मी नाही म्हणू शकत. तिने स्वतःला माझ्या आरोपातून वाचवलं आणि मला माझ्याच आरोपात सोडलं. एक वाक्य होतं. ते तिला बोलता आलं असतं. आणि मला तिच्यावर विश्वास ठेवता आला असता, हे तर तिने धरलंच नाही. तिने ते का धरावं, असं मी तोवर काय केलं होतं?

मी बी.एस्सी. केलं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. आई निवृत्त होईपर्यंत माहुललाच होती.

यंदा आई गेली. दहाव्याला माहुलची सातआठ माणसं आली, आता केस पिकलेली. त्यातल्या एकाने बाई सहावीत कविता कशी शिकवत ते करून दाखवलं. हात असा, मान अशी, मध्येच थांबून मुलांकडे रोखून बघणं. बाकीचे हसले, मग रडले. तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही काय, घरीच. रोज ऐकलं असेल."

मी मान हलवली. त्याने तिचा अर्थ हो असा घेतला.

बारावीची मार्कशीट माझ्याकडे आहे. तिच्यावर संस्कृतसमोर ब्याण्णव आहेत. आई वर्गात कशी शिकवायची, ते मला माहीत नाही.