द्राक्षमळ्याच्या फाटकाबाहेर

“आज पण भाईरच हाय व्हय? मग तिची वळ सुनंला देते. मणी काय तिच्यासाठी थांबत्यात?”

माळ्याची बायको हे म्हणाली, तेव्हा मी मळ्याच्या फाटकाबाहेर दगडावर बसले होते. आमच्यामध्ये फक्त घायपाताचं कुंपण होतं. मग खुरपणाऱ्या बाईचं हसणं ऐकू आलं.

“द्या की. द्राक्षाची हजामत कराया इंग्रजी साळा कशाला पायजे?”

सोलापूरपासून जवळच, अक्कलकोटच्या वाटेवर, वडिलांनी माळाच्या उतारावर द्राक्षं लावली होती. ते शहरात डॉक्टर होते. आई मी लहान असतानाच गेली. मी इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात वाढले आणि शाळा संपल्यावर इथे मळ्यातल्या घरी राहायला आले. बायकांचं बोलणं मला समजे, पण माझी मराठी पुस्तकातली. मी तोंड उघडलं की त्या पदर तोंडाला लावत. हळूहळू मी बोलणंच सोडलं. दिवसभरात ऐकू येणारा सर्वांत ओळखीचा आवाज म्हणजे लांबच्या गिरणीचा भोंगा, असेही दिवस गेले.

आमचे वेल पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले होते. वडिलांनी कुठेसं वाचलं, की घडातले दाटीचे मणी लहानपणीच बारीक कात्रीने काढून टाकले तर उरलेले चांगले भरतात. माळ्याला हे पटेना. धरलेलं फळ कोण कापून टाकतं? शेवटी करून बघायला म्हणून वरच्या अंगाची एक ओळ त्याने मला दिली.

त्या ओळीत मी मान वर करून तासन्‌तास उभी राहायची. मान अवघडायची, पांगाऱ्याचे काटे दंडाला ओरबाडायचे. पण तिथे कुणी काही विचारत नसे. पुन्हा त्याच घडाशी आलं की कालची आपली कात्री कुठे फिरली ते दिसे. इथे आपली म्हणावी अशी माझी तेवढीच जागा होती.

माळी मूळचा पानमळ्यातला. तिथले नियम त्याने द्राक्षांना लावले होते. वहाणा फाटकाबाहेर काढायच्या. बाई अडचणीची असेल तर चार दिवस आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल जळतो. बोर्डिंगात अशा दिवसांबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. इथे मला काही सांगावंच लागत नसे. मी फाटकाबाहेर बसलेली दिसले की साऱ्या मळ्याला कळे. वडील रोग्यांना शरीराबद्दल सगळं समजावत. हा विषय निघाला की मात्र चष्मा पुसायला घेत.

मणी ज्वारीएवढे झाले होते. हरभऱ्याएवढे झाले की कात्रीचं टोक आत शिरत नाही. चारांपैकी आज दुसराच दिवस होता आणि अर्ध्याहून जास्त ओळ व्हायची होती.

तेवढ्यात वडिलांचा टांगा आला.

“बाहेर का बसलीस? बरं नाही का?”

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही सांगता आलं नसतं.

माळ्याची बायको फाटकाशी आली. तिच्या हातात माझी कात्री होती. “मालक, ताईसाहेबांस्नी सावलीला न्या. दर म्हयन्याला ह्ये हायच की. सून लई चपळ हाय माझी. वळ कायमचीच तिला दिली तर बरं हुईल.”

तिच्या बोलण्यात आकस नव्हता. घायपातामागे खुरपं थांबलं. वडिलांनी चष्मा काढला आणि रुमालासाठी खिसे चाचपू लागले.

“बघा तुमच्या सोयीनं,” ते म्हणाले.

तिने पाठ फिरवली. मी उठले आणि पायातल्या वहाणा काढल्या. आवाज निघेल की नाही याची खात्री नव्हती. निघाला तो बारीक, कापरा.

“मावशी, कात्री इकडे द्या. मी आज बाहेरचीच आहे, आणि आत येणार आहे.”