झालरवाला फ्रिज

ही माझी सख्खी धाकटी बहीण. बारकी. शिलाईत तिच्या तोडीची बाई अख्ख्या शहरात दाखवा, मिशी उतरवतो. लग्नात तिला विजेचं शिलाई मशीन दिलं ते मी. बाकीचे पाहुणे भांडी घेऊन आले होते.

त्या मशीनच्या जोरावर बारकीने सासरची एक वस्तू उघडी ठेवली नाही. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर. आणि फ्रिजला तर काय विचारता! चहूबाजूंनी जाड अस्तर, वर गुलाबी झालर, दारापुरती चेन. सासूबाई पाहुण्यांना आधी फ्रिज दाखवायच्या, मग पाणी विचारायच्या. बघता बघता इमारतीतल्या निम्म्या घरांनी तसंच कव्हर शिवून घेतलं.

त्याच सुमाराला लाइट बिल फुगलं.

सासरे जन्मभर तिकीट तपासनीस. रिटायर झाले तरी नजर तीच. बिल घेऊन ते थेट मशीनसमोर येऊन उभे राहिले.

"सूनबाई, चोर सापडला. दिवसभर नुसती घरघर! आजपासून बंद. पुढचं बिलही असंच आलं तर मशीन विकायचं."

मशीन विकायचं म्हणजे बारकीचे हातच काढून घ्यायचे. पण बहीण कुणाची? रडत बसणाऱ्यातली नव्हे.

दुपारी तिने जिन्यातला मीटर बघितला. मशीन बंद, तरी त्याचा लाल दिवा भराभर डोळे मिचकावत होता. पंखे, टीव्ही, एकेक बटण बंद करत ती घरभर फिरली. दिवा आपला तसाच. फ्रिजचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे तो थांबला. मग तिच्या ध्यानात आलं, पूर्वी फ्रिज मधूनमधून गप्प बसायचा. हल्ली त्याला उसंतच नव्हती. तिने कव्हरच्या आत, मागच्या बाजूला हात घातला.

"सासूबाई, कव्हरला कात्री लावते हं."

"माझ्या झालरीला? लावून तर बघ!"

"अहो, जीव गुदमरलाय त्याचा. मागे हात लावा जरा."

सासूबाईंनी हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "अगबाई! हा तर तापाने फणफणलाय. कर बाई, मोकळा कर."

हे ऐकून सासरे खुर्चीतून उठलेच. "म्हणजे मी म्हणत होतो तेच! मशीनचाच प्रताप!"

"हो बाबा, मशीनचाच," बारकी हसून म्हणाली. "मग निस्तरू द्या की त्यालाच. आजचा दिवस चालवते."

नवऱ्याने फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. बारकीने कव्हर फाडून त्याच्या अस्तराचा लांबलचक लोड शिवला आणि मुख्य दाराच्या फटीला घट्ट लावला. एसी लावला की त्या फटीतून गारवा जिन्यात जायचा आणि शेजाऱ्यांचं मांजर तिथे ऐटीत लोळायचं. त्या दुपारी मांजर आलं, लोळलं, उठलं आणि दाराकडे बघून चिडून ओरडलं.

"फुकट्या!" आतून सासरे गरजले. "बिनतिकीट झोपत होतास इतके दिवस!"

पुढचं बिल आलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, बिल पुन्हा वाचलं. "उतरलं की गं! चांगलंच उतरलं!"

"आणि मशीन, बाबा?"

"मशीनकडे वाकड्या नजरेने बघेल त्याला दंड!"

संध्याकाळी ते बिल नाचवत मजल्यामजल्यावर सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीने दार उघडलं, तर जिनाभर बायका. प्रत्येकीच्या काखेत गुलाबी झालर. सासरे नोकरीतला काळा कोट चढवून पायरीवर उभे.

"एकेक, एकेक! कव्हर हातात धरा, पुढे चला."

सगळ्यांच्या पुढे सासूबाई, टीव्हीचं कव्हर घेऊन. "आपल्या गॅलरीच्या दाराला याचा लोड कर गं."

"तुम्ही घरच्या," सासरे म्हणाले, "मागे जाऊन रांगेत उभ्या राहा."