चष्मेवाल्या मावशीचं भाषण

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवता बसवता तिची वीस वर्षं गेली. गल्लीतली पोरं तिला चष्मेवाली मावशी म्हणायची. बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. "हिच्या जिभेला हाड नाही," नवरा म्हणायचा.

शाळा दोनला सुटायची, आईबाप सहानंतर घरी यायचे. मधले चार तास पोरं दुकानाच्या पायरीवर, जिन्यांत, रस्त्यावर. वाचनालयाची वरची खोली रिकामीच होती. तिथे संध्याकाळपर्यंत मुलांचा वर्ग चालावा म्हणून मावशीने दारोदार फिरून चारशे सह्या गोळा केल्या. नगरपालिकेच्या सभेत बोलायची पाळी तिच्यावरच आली. गर्दी दिसावी म्हणून ओळखीच्या सगळ्या आयांना तिने बोलावून घेतलं.

ती बोलायला उभी राहिली तेव्हा पुढच्या रांगेतले सभासद घड्याळं बघत होते. मग तिने कागद बाजूला ठेवला आणि शेजारच्या जिन्यात बसणाऱ्या एका मुलीची गोष्ट सुरू केली. मुलगी खरीच होती, लॉन्ड्रीत घड्या घालणाऱ्या बाईची. रोज तिथे बसून गुपचूप गृहपाठ करायची. मावशीने गोष्टीत तिला रडवलं, उपाशी ठेवलं. "आई साधी विचारपूससुद्धा करत नाही," असंही बोलून गेली. नाव घेतलं नाही, पण जिना कुठला ते सांगितलं. सभासदांनी डोळे पुसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

बाहेर दाराशी लॉन्ड्रीवाली उभी होती.

"ताई, माझी पोर रडत नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "डबा भरून देते मी तिला. शेजारच्या आजींकडे दोनदा फोन करते."

"अगं, ठराव व्हावा म्हणून..." मावशी म्हणू लागली. बाकीच्या आया ऐकत होत्या, आणि कीव केल्यासारख्या बघत होत्या त्या लॉन्ड्रीवालीकडे. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ग सुरू झाला. बावीस मुलं आली, ती मुलगी आली नाही. आठवडाभर मावशी त्या जिन्यावरून जायचं टाळत राहिली. शेवटी लॉन्ड्रीत गेली.

"माझं चुकलं गं."

लॉन्ड्रीवालीने चादरीची घडी पुरी केली. "मला एकटीला सांगून काय होणार, ताई? तुम्ही चारचौघांत बोललात."

पुढच्या सभेत मावशीने बोलायला वेळ मागून घेतला. "त्या मुलीबद्दल मी खोटं बोलले," ती म्हणाली. डबा, फोन, सगळं सांगितलं.

"ठराव झालाय ना, आता कशाला उकरून काढता?" अध्यक्ष म्हणाले. मागे कुणीतरी हसलं. ती खाली बसली तेव्हा तिचे कान तापले होते.

सोमवारी मुलगी वर्गात आली. संध्याकाळी तिला घ्यायला आलेल्या लॉन्ड्रीवालीने मावशीकडे बघून नुसती मान हलवली. मावशीला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

आता दुसऱ्या वस्तीतही असा वर्ग हवाय. मावशी सह्या गोळा करते. भाषण मात्र दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगते.