गळणारं रबर

चिंचणीच्या किनाऱ्यावर आमची घरगाडी उभी होती. आत दोन बाकं, शेगडी आणि एवढासा संडास. त्याच्या भांड्याच्या तळाचं रबर गळायचं. वास अडवणारं पाणी भांड्यात टिकत नसे आणि खालच्या मैल्याच्या टाकीतला वास वर यायचा. बायकोनं गाडी विकायचं फर्मान काढलं होतं. प्रत्येक सहलीनंतर मी ते रबर पुसून कोरडंठाक ठेवायचो, दोनदा नवंही बसवलं, तरी तेच.

शेजारी होडीची डागडुजी करणारे एक म्हातारे बाबा डोकावायला आले. नाक न मुरडता त्यांनी दोन बोटं रबरावरून फिरवली, कडेची वाळू काढली आणि भांड्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते भराभर खाली गेलं. त्यांनी शांतपणे पुन्हा ओतलं.

"रबर चांगला हाय. तुमी सुकवता म्हनून गळतो."

मी गोंधळलो. गळू नये म्हणूनच तर सुकवत होतो.

त्यांनी बाहेरच्या होडीकडे बोट केलं. वाळूवर उभ्या होडीत घोटाभर पाणी होतं. "सुकली का फळ्या आकसतात. मंग दर्यात नेली का पानी घेते. म्हनून आमी आदीच भरतो."

दिवसभर ओतून रबर ओलं ठेवलं, तेव्हा संध्याकाळी भांड्यातलं पाणी टिकलं.

आता पालघरला घरापुढे उभ्या गाडीत मी दर आठवड्याला पाणी ओतून येतो. का, ते बायकोला सांगताना अजून माझाच गोंधळ उडतो. शेवटी म्हणतो, "होडी समज."

परवा मला ताप होता. बादली घेऊन तीच गेली.