जंजिऱ्याच्या दरवाजात

संस्थान विलीन होऊन दहाएक वर्षं झाली होती. सिद्दीची जुनी राजधानी, समुद्रातला जंजिरा, एकदा पाहायचाच असा आईने हट्ट धरला, म्हणून राजपुरीहून आम्ही शिडाच्या होडीत बसलो. होडीवाला पन्नाशीचा कोळी. वाऱ्याकडे गाल करायचा आणि मुकाट्याने शिडाची दोरी ओढायचा.

किल्ल्याच्या दरवाजापाशी होडी लाटेबरोबर हातभर वरखाली होऊ लागली. समोरच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या. मी म्हणालो, "आई, तुझे गुडघे दुखतात. इथूनच बघ."

कोळ्याने एक पाय पायरीवर रोवला, दुसरा होडीतच ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आये, तुला जायाचं हाय का?"

"त्यासाठीच आले," आई म्हणाली.

"मंग मी सांगीन तवाच पाय उचल."

मी मध्ये बोलणार, तोच तो म्हणाला, "तुमी गप ऱ्हावा. पाय तिचं हायेत."

लाट वर आली. "आता!" तो ओरडला, आणि त्याचा दंड धरून आई पायरीवर उभी होती.

दोन तास ती तटावरून हिंडली.

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी आई शेजारणींबरोबर काशीला गेली. जाऊ का, असं तिने मला विचारलं नाही. निघायचा दिवस तेवढा सांगितला.