पातळ तेल

मी बी. एस्सी. झालो तो अर्नाळ्याच्या माझ्या काकांमुळे. वडील गेल्यावर त्यांनी मला आपल्या मासेमारीच्या बोटीवर न घेता कॉलेजात पाठवलं. म्हणून नाशिकला नोकरीवर निघताना बोटीच्या जुन्या डिझेल इंजिनासाठी तेल मीच आणलं, दुकानातलं सगळ्यात महागाचं.

काकांनी थेंबभर बोटांत चोळून पाहिलं. "पातल हाय रं. पानी घातलंय का दुकानदारानं?"

"काका, नव्या जमान्याचं तेल आहे. डब्यावर सगळं इंग्रजीत लिहिलंय."

"मंग बरोबर असंल. आमी अंगठेबहाद्दर, तू शिकलेला." नारळी पौर्णिमेला बोट समुद्रात लोटायची, तेव्हा ओतू म्हणून त्यांनी डबा ठेवून दिला.

नाशिकच्या कारखान्यात मी हे मेकॅनिकला कौतुकाने सांगितलं. तेलाचं नाव ऐकून तो दचकला. "अहो, ते पेट्रोल गाडीचं. तापलं की आणखी पातळ होणार. भर समुद्रात इंजिन जाम होईल."

पौर्णिमेला पाच दिवस होते. काकांच्या शेजारचा फोन पावसाने बंद पडला होता, रजा मिळत नव्हती. बंद बोट, लाटा आणि तिच्यात काका, एवढंच मला दिसत होतं.

पाकिटावर लिहिलं, "पोस्टमनदादा, लगेच वाचून दाखवा." आत लिहिलं:

"काका, ते तेल इंजिनात ओतू नका. ओतलं असेल तर सगळं काढा, नेहमीचं जाड तेल घाला आणि मगच बोट लोटा. मला डबा वाचता आला, तेल कळलं नाही. तुमच्या बोटांना कळलं होतं. पत्र पोचल्याचं कुणाकडून तरी कळवा. माझा जीव थाऱ्यावर नाही."